मधल्या काळातला कौल : सत्ताधारी कोण आणि हरतो कोण?

बारामती तालुक्यातल्या पणदरे, माळेगाव, सांगवी, नीरावागज या पट्ट्यात कुणी ‘सत्ताधारी’ म्हटले की ऐकणारा आधी विचारतो, कुठले? कारखान्यातले, पंचायतीतले, जिल्हा परिषदेतले की मुंबईतले? नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस घेणारा इथला शेतकरी पाच वर्षांच्या फेऱ्यात सात ठिकाणी मत देतो : लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषदेचा गट, पंचायत समितीचा गण, ग्रामपंचायत, विकास सोसायटी आणि साखर कारखाना. सातही ठिकाणी सत्ता एकाच हातात असते असे नाही. आणि एकाच हातात असली तरी सगळीकडे तिला सारखेच माप लावले जात नाही.

मोठी निवडणूक जिंकून सरकार स्थापन केलेला पक्ष वर्ष-दोन वर्षांनी होणाऱ्या छोट्या निवडणुकांत मागे का पडतो, हा राज्यशास्त्रातला जुना प्रश्न आहे. त्याची उत्तरे बहुतेक अमेरिका आणि युरोपच्या अनुभवावर बेतलेली आहेत. महाराष्ट्रात ती कितपत लागू पडतात, याचा हा आढावा आहे. एक खुलासा आधीच करतो. मराठीत ‘मध्यावधी निवडणूक’ म्हणजे सभागृह मुदतीआधी विसर्जित होऊन लागलेली निवडणूक. इथे तो अर्थ नाही. इथे विषय आहे तो सरकारची मुदत निम्म्यावर आलेली असताना वेळापत्रकाप्रमाणे होणाऱ्या स्थानिक निवडणुकांचा.

पार्श्वभूमी

बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये लोकशाही विकेंद्रीकरणाची शिफारस केली. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीने तिला इथले रूप दिले, १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. या रचनेत खरे वजन जिल्हा परिषदेला मिळाले. शाळा, दवाखाने, रस्ते, पाझर तलाव, शिक्षकांच्या बदल्या हे सगळे तिथून हलायचे. आमदारकीची उमेदवारीही अनेकदा तिथल्या कामगिरीवर ठरायची. पुणे जिल्हा परिषदेचे अध्यक्षपद सांभाळलेले दत्तात्रय भरणे २०१४ मध्ये इंदापुरातून आमदार झाले, ते याच वाटेने.

पहिली तीसेक वर्षे मात्र ‘सत्ताधारी पक्ष स्थानिक निवडणुकीत हरला का’ हा प्रश्न ग्रामीण महाराष्ट्रात फारसा विचारताच येत नव्हता. गावोगावी काँग्रेसच होती आणि लढत व्हायची ती काँग्रेसच्याच दोन गटांत. मेरी कॅरस यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदांमधली हीच गटबाजी तपासली. बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या साखर कारखान्याचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनाही पक्षापेक्षा गटच ठळक दिसले. सत्तेवरचा राग त्या काळीही निघत होता, फक्त तो पक्ष बदलून न निघता पॅनेल बदलून निघायचा. ही सवय पुढे पक्ष वाढल्यावरही सुटली नाही, हे ध्यानात ठेवल्याशिवाय पुढचे आकडे नीट लागत नाहीत.

दुसरी अडचण वेळापत्रकाची होती. १९७९ नंतर जिल्हा परिषदांच्या निवडणुका थेट १९९२ मध्ये झाल्या. तेरा वर्षे मतदारांना विचारलेच गेले नाही. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली, पुढच्या वर्षी राज्य निवडणूक आयोग स्थापन झाला आणि मग १९९७, २००२, २००७, २०१२, २०१७ असा पाच वर्षांचा नेम बसला. विधानसभेचे वर्ष १९९९, २००४, २००९, २०१४. म्हणजे विधानसभा सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि तिथून सव्वादोन-अडीच वर्षांनी जिल्हा परिषद. कुणी मुद्दाम आखले नसताना महाराष्ट्राला अमेरिकेसारखे मधल्या काळातल्या परीक्षेचे वेळापत्रक मिळाले.

बाहेरची उत्तरे

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावर प्रतिनिधिगृहाची निवडणूक होते. १९३४ पासून आजवर अशा निवडणुकीत राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाच्या जागा वाढल्या त्या फक्त तीनदा : १९३४, १९९८ आणि २००२. इतका नेमका क्रम समाजशास्त्रात क्वचित सापडतो. त्याची मुख्य कारणे तीन प्रकारे सांगितली जातात.

अँगस कॅम्पबेल यांनी १९६० मध्ये मांडलेले कारण भरती-ओहोटीचे आहे. मोठ्या निवडणुकीत लाट असते, एरवी न येणारा मतदारही येतो आणि तो लाटेबरोबर जातो. मधल्या निवडणुकीत तोच घरी बसतो, म्हणून सत्ताधाऱ्यांच्या जागा उतरतात. यात राग नाही, नुसती गैरहजेरी आहे. एडवर्ड टफ्टी यांनी १९७५ मध्ये वेगळे सांगितले : मधली निवडणूक म्हणजे सरकारच्या कामावरचा, मुख्यतः खिशाच्या हालाखीवरचा कौल. सॅम्युअल कर्नेल यांनी त्याला जोड दिली की नाराज माणूस समाधानी माणसापेक्षा हटकून मतदानाला जातो. तिसरे कारण तोल सांभाळण्याचे. अल्बर्टो अलेसिना आणि हॉवर्ड रोझेन्थल यांच्या मते, मधला मतदार एकाच पक्षाच्या हाती सगळी दोरी देऊ इच्छित नाही.

युरोपात १९७९ मध्ये युरोपीय संसदेची पहिली थेट निवडणूक झाली. तिच्या आधारे कार्लहाइन्झ राइफ आणि हर्मन श्मिट यांनी १९८० मध्ये ‘दुय्यम दर्जाच्या निवडणुकी’ची कल्पना मांडली. सरकार ठरणार नसेल तर मतदार कमी येतो, छोट्या पक्षांना मोकळेपणाने मत देतो आणि सरकारला चिमटा काढतो. हा चिमटा सरकारच्या मुदतीच्या मध्यावर सर्वांत जोरात बसतो. ब्रिटनमध्ये मे १९९५ च्या स्थानिक निवडणुकांत सत्ताधारी हुजूर पक्षाचे दोन हजारांच्या आसपास नगरसेवक गेले आणि दोनच वर्षांत सरकारही गेले. या सगळ्याच्या मुळाशी डॅनिश अर्थतज्ज्ञ मार्टिन पाल्डाम यांचा ‘सत्तेची किंमत’ हा मुद्दा आहे : सरकार बरे असो की वाईट, पाश्चात्त्य लोकशाहीत एका मुदतीत त्याची सरासरी दोन-अडीच टक्के मते झिजतात.

महाराष्ट्राचा हिशोब

आता हीच मापे इथे लावू. २००२ मध्ये राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते आणि जिल्हा परिषदांतही याच दोन पक्षांचे वर्चस्व राहिले. २००७ मध्येही तेच. २०१२ मध्ये, सरकारवर घोटाळ्यांचे आरोप होत असताना, राष्ट्रवादी पाचशेच्या पुढे जागा घेऊन पहिली आली आणि काँग्रेस दुसरी. २०१४ मध्ये भाजप सत्तेवर आला. फेब्रुवारी २०१७ च्या निवडणुकीआधी नोटाबंदीचे तीन महिने गेले होते, मराठा क्रांती मोर्चे राज्यभर निघून गेले होते. सत्तेवरची नाराजी मोजायला याहून सोयीची वेळ सापडणे कठीण. तरीही भाजप सुमारे चारशे जागा मिळवून पहिला आला. पाच वर्षांपूर्वीच्या मानाने ही जवळपास दुप्पट वाढ होती.

ओळीने चार वेळा राज्यातले सत्ताधारीच पुढे. इथे अमेरिकेचा क्रम उलटा पडलेला दिसतो, आणि या विषयावरच्या मराठी चर्चेत ही गोष्ट पुरेशी ठळकपणे मांडली जात नाही असे मला वाटते. ‘सत्ताधारी मधल्या काळात हरतात’ हे गृहीत धरून आपण बोलू लागतो, आणि मग प्रत्येक निकाल अपवाद म्हणून समजावून सांगावा लागतो.

दुय्यम दर्जाचा सिद्धान्तही अडखळतो. २०१४ च्या विधानसभेला राज्यात सुमारे ६३ टक्के मतदान झाले होते, २०१७ च्या जिल्हा परिषदांना सुमारे ६९ टक्के. ग्रामीण मतदाराला गटाची निवडणूक दुय्यम वाटत नाही. उमेदवार ओळखीचा असतो, बहुधा पाहुण्यातला असतो, आणि डीपी जळाली की फोन त्यालाच जातो. ओहोटीच नसेल तर भरती-ओहोटीचे कारण इथे लागू कसे पडणार?

पण हिशोब इथे संपवला तर तो अर्धवट राहील, कारण त्याच २०१७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत सत्ताधारी हरले. तिथे राष्ट्रवादीची पंधरा वर्षांची सत्ता होती. १२८ पैकी ७७ जागा जिंकून भाजपने ती उलथवली आणि राष्ट्रवादी ३६ वर आली. राज्यात विरोधी असलेला पक्ष शहरात सत्ताधारी होता आणि शहरातला सत्ताधारी म्हणून पडला, असे याचे एक वाचन. राज्यातली सत्ता गेल्यावर आधाराचा वासा मोडला म्हणून पडला, हे दुसरे. तिसरे वाचन माणसांचे : राष्ट्रवादीत घडलेले बरेच स्थानिक नेते मतदानाआधीच भाजपमध्ये गेले होते, तेव्हा चिन्ह हरले, माणसे तीच राहिली. त्याच महिन्यात पुणे जिल्हा परिषदेत मात्र राष्ट्रवादीने ७५ पैकी ४४ जागा घेतल्या आणि भाजप एक आकडी संख्येवर थांबला. दोन्ही ठिकाणी पक्ष एक, नेता एक, तरी निकाल दोन टोकांचे. राज्यातली सत्ता गेली की खालची सत्ता आपोआप जाते, असे म्हणणाऱ्यांना या ४४ चे उत्तर द्यावे लागते.

शिवनगरचे तीन निकाल

या वादाचा सर्वांत बारीक नमुना पणदऱ्याच्या शेजारी, माळेगाव बुद्रुकच्या शिवनगरमध्ये आहे. माळेगाव सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीत पणदरे हा एक गट आहे. कारखान्याची निवडणूक ही काही पंचायत राज्याची निवडणूक नव्हे. मतदार सभासदच असतो, भूमिहीनाला तिथे मत नाही. तरी त्या पट्ट्यात सत्तेला जाब विचारण्याची ती सर्वांत जिव्हाळ्याची जागा आहे, म्हणून ती या आढाव्यात घेतो.

२०१५ मध्ये चंद्रराव तावरे आणि रंजन तावरे यांच्या सहकार बचाव पॅनेलने राष्ट्रवादीचे नेते अजित पवार यांच्या गटाकडून कारखाना जिंकून घेतला. राज्यातली सत्ता राष्ट्रवादीच्या हातून जाऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये पवार गटाच्या निळकंठेश्वर पॅनेलने कारखाना परत मिळवला. त्याआधी दोन महिने पवार पुन्हा उपमुख्यमंत्री झाले होते. जून २०२५ मध्ये उपमुख्यमंत्री असताना ते स्वतः सभासद-संस्थांच्या ‘ब’ वर्गातून उभे राहिले, पॅनेलने २१ पैकी २० जागा जिंकल्या आणि ते कारखान्याचे अध्यक्ष झाले. विरोधात निवडून आले ते एकटे चंद्रराव तावरे.

सत्तेच्या शिडीचा सिद्धान्त मानणारे या तीन तारखा बोटावर मोजून दाखवतात : वर सत्ता नाही तेव्हा हार, वर सत्ता आहे तेव्हा जीत. उसाच्या दराचा सिद्धान्त मानणारे म्हणतात, सभासदाने मुंबईकडे पाहिलेच नाही, त्याने टनाला मिळालेला दर शेजारच्या सोमेश्वर कारखान्याच्या दराशी ताडून पाहिला आणि संचालक बदलले. पहिला हप्ता, कांडे बिल, दिवाळीचा अंतिम दर, तोड वेळेवर येते की ऊस वाळतो, वजनकाटा, नोकरभरती, सगळे पॅनेल या मुद्द्यांवरच बोलत होते. मला दुसरे म्हणणे अधिक पटते. पण पहिले खोडून काढता येत नाही, कारण तिन्ही वेळा दोन्ही कारणे एकाच बाजूला झुकलेली होती. कारण वेगळे काढायचे तर ती दोन विरुद्ध दिशांना ओढणारी निवडणूक हवी, आणि अशी शिवनगरने अजून दिलेली नाही.

इथे संदीप सुखटणकर यांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाची नोंद घ्यायला हवी. महाराष्ट्रातल्या सहकारी कारखान्यांची १९९३ ते २००५ ची आकडेवारी घेऊन त्यांनी दाखवले की ज्या कारखान्याचा अध्यक्ष राजकारणात उतरलेला असतो तो निवडणुकीच्या वर्षी उसाला कमी दर देतो. अध्यक्ष निवडून आला तर शेतकऱ्याला पुढे काही भरपाई मिळते, अशीही खूण त्यांना दिसली. हा निष्कर्ष राज्यभराचा आहे, त्यावरून कुणा एका कारखान्यावर बोट ठेवता येत नाही. पण तो खरा असेल तर शेतकऱ्याचे मत हे बक्षीस किंवा शिक्षा एवढेच नसते. आज थोडे सोसून उद्याची सोय पाहण्याचा व्यवहारही त्यात असतो. टफ्टींच्या चौकटीत हा व्यवहार बसत नाही.

पैशाची वाट

राज्यातले सत्ताधारी इथे का तरतात, याचे सर्वाधिक मान्य कारण निधी आहे. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री. ग्रामविकासाच्या २५१५ या लेखाशीर्षाखालचे रस्ते, सभामंडप, गटारे यांची यादी मंत्रालयात मंजूर होते. जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे. चौदाव्या वित्त आयोगाने आपला पैसा फक्त ग्रामपंचायतींना दिला. पंधराव्याच्या वेळी महाराष्ट्रात वाटणी झाली ती ग्रामपंचायत ८०, पंचायत समिती १० आणि जिल्हा परिषद १० टक्के अशी. त्यामुळे गटातल्या सदस्याला काम आणायचे तर वरच्या दाराशी ओळख लागते, आणि मतदार हे जाणतो. सॅम अ‍ॅशर आणि पॉल नोवोसाद यांचा भारतावरचा २०१७ चा अभ्यास याला दुजोरा देतो : राज्यातल्या सत्ताधारी पक्षाचा आमदार असलेल्या मतदारसंघात रोजगार इतरांपेक्षा वेगाने वाढतो.

या मताला हरकतही आहे आणि ती वजनदार आहे. निधीनेच मत मिळत असते तर सत्ताधारी कधीच हरले नसते. जून २०२४ मध्ये राज्यातली सत्ता भाजपप्रणीत महायुतीकडे असताना लोकसभेच्या ४८ पैकी १७ जागा तिला मिळाल्या. बारामती मतदारसंघात महायुतीविरुद्ध लढलेल्या सुप्रिया सुळे दीड लाखांहून अधिक मतांनी निवडून आल्या आणि बारामती विधानसभा क्षेत्रातही त्यांनाच आघाडी मिळाली. पाच महिन्यांनी त्याच क्षेत्राने महायुतीच्या अजित पवारांना एक लाखाहून अधिक मताधिक्य दिले. दोन्ही वेळा निधीची वाट तीच होती. मतदाराने फरक केला तो निवडणुकीच्या पातळीत : दिल्लीसाठी एक, मुंबईसाठी दुसरा. घरातल्या घरात फुटलेले मत, सहानुभूती, मधल्या काळात आलेली लाडकी बहीण योजना अशी अनेक कारणे दिली जातात. त्यांतले कुठले किती, हे अजून कुणी वेगळे करून दाखवलेले नाही.

इतर राज्यांतून

गुजरातचा दाखला उद्बोधक आहे. पाटीदार आंदोलनानंतर डिसेंबर २०१५ मध्ये काँग्रेसने तिथल्या ३१ पैकी वीसहून अधिक जिल्हा पंचायती जिंकल्या, पण सहाही महापालिका भाजपकडेच राहिल्या. नाराजी खरी होती, ती फक्त गावात होती. २०१७ मध्ये विधानसभेत भाजप ९९ वर उतरला, सत्ता मात्र टिकली. पश्चिम बंगालमध्ये २००८ च्या पंचायत निवडणुकीत नंदीग्राम-सिंगूरच्या जमीन-आंदोलनांनंतर डाव्या आघाडीने पूर्व मेदिनीपूर आणि दक्षिण २४ परगणा गमावले, आणि २०११ मध्ये चौतीस वर्षांची सत्ता गेली. तिथे खालची निवडणूक खरोखर आगाऊ सूचना ठरली. उत्तर प्रदेशात २०२१ मध्ये मतदारांनी निवडलेल्या सदस्यांत समाजवादी पक्षाचे बळ मोठे होते, पण सदस्यांनी निवडलेल्या ७५ जिल्हा पंचायत अध्यक्षांत भाजप आघाडीचे ६७ आले. मतदारांचा कौल आणि सभागृहाचा कौल यांत किती अंतर पडू शकते, ते इथे दिसते.

आपल्याकडे मधल्या काळात सरकारला बसलेला चिमटा दिसतो तो पोटनिवडणुकीत. मार्च २०२३ मध्ये पुण्यातला कसबा पेठ मतदारसंघ भाजपच्या हातून गेला आणि पुढच्याच वर्षी, २०२४ च्या विधानसभेला, परत आला. राइफ-श्मिट यांच्या लेखातून उचलावा असा हा नमुना आहे.

मोजायचे कसे

या वादातले निम्मे मतभेद मोजण्याच्या पद्धतीतून येतात. ग्रामपंचायतीची निवडणूक महाराष्ट्रात पक्षचिन्हावर होत नाही. तरी निकालाच्या रात्री प्रत्येक पक्ष हजारो सरपंच आपले असल्याचे सांगतो आणि या दाव्यांची बेरीज एकूण ग्रामपंचायतींपेक्षा जास्त भरू शकते. त्या आकड्यांवर कुठलाही निष्कर्ष उभारू नये. जिल्हा परिषदेत चिन्ह असते, पण युती-आघाडी जिल्ह्यागणिक बदलते. त्यामुळे राज्यातले मित्रपक्ष गटात समोरासमोर उभे असतात. २०१७ मध्ये भाजप आणि शिवसेना राज्यात एकत्र सत्तेत होते आणि जिल्ह्याजिल्ह्यांत एकमेकांविरुद्ध लढत होते. शिवसेनेची तेव्हाची मते सत्तेच्या बाजूची धरायची की विरोधातली?

नियमही स्थिर राहत नाहीत. सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. नगराध्यक्षांच्या थेट निवडीचेही तसेच. प्रभाग किती सदस्यांचा हे सरकारगणिक ठरते. एका निवडणुकीची तुलना मागच्या निवडणुकीशी करायची तर दोन्हीकडे डाव एकाच नियमांचा हवा.

अजून न सुटलेले

तीन गोष्टी मोकळ्या राहतात. महाराष्ट्रात राज्यातल्या सत्ताधाऱ्यांना मिळणारा फायदा मतदारांच्या पसंतीतून येतो की निवडणुकीआधी होणाऱ्या पक्षांतरातून? उमेदवार तेच आणि चिन्ह वेगळे असेल तर पक्षांच्या आकड्यांतून मतदाराचे मन वाचता येत नाही. त्यासाठी गटागटातल्या उमेदवारांचा दोन-तीन निवडणुकांचा माग काढावा लागेल, आणि हे काम तालुक्याच्या ठिकाणी बसूनच होऊ शकते. दुसरे, शिक्षा नेमकी कुणाला होते? उपलब्ध पुराव्यावरून माझे मत असे की इथला मतदार सर्वांत जवळच्या सत्तेला जाब विचारतो आणि दूरच्या सत्तेशी जुळवून घेतो. पिंपरी-चिंचवड आणि २०१५ चे माळेगाव या मताच्या बाजूने आहेत, पुणे जिल्हा परिषदेतल्या त्या ४४ जागा विरोधात. तिसरे, कालव्यावरचे बागायती पणदरे आणि सुपे-मोरगावकडची जिरायत गावे, किंवा इंदापुरातली पाण्यासाठी वर्षानुवर्षे भांडणारी गावे, सत्तेकडे एकाच नजरेने पाहतात का? एका तालुक्यात दोन प्रकारचे मतदार असतील तर तालुक्याची सरासरी काहीच सांगत नाही.

या प्रश्नांना उत्तर देणारी निवडणूक २०२२ च्या फेब्रुवारीत व्हायला हवी होती. तीच झाली नाही. ओबीसी आरक्षणासाठीच्या तिहेरी कसोटीचा सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२१ चा निकाल, मग प्रभागरचनेचे वाद आणि ‘जैसे थे’चा आदेश यांत ती अडकली. शेवटी ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले आणि पुढे ती मुदत जानेवारी २०२६ अखेरपर्यंत वाढवली. नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेले महाविकास आघाडीचे सरकार आणि जून २०२२ मध्ये आलेले महायुतीचे सरकार, या दोघांपैकी एकालाही पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण मतदाराने मधल्या काळात तोलून पाहिले नाही. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि त्यानंतर २०२५ सरेपर्यंत पणदऱ्याच्या मतदाराचा तिथे एकही निवडून दिलेला सदस्य नव्हता.